रुपरावले आराम पडला

पाचपावलीत रुपराव मेश्रामला रुपराव म्हणणारे थोडेच. बाकी सगळ्यांसाठी तो भोंगा. नवा पिक्चर लागला की सायकलरिक्षाच्या दोन्ही बाजूंना रंगीत पाट्या बांधायच्या, टपावर भोंगा चढवायचा, पायाशी बॅटरी ठेवून आत बसायचं आणि इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत गल्ली न गल्ली ओरडत फिरायचं, हा त्याचा धंदा. "आइये, देखिये! आज से, आप के शहर में! रोजाना तीन खेल!" घरी चहासुद्धा मराठीत मागणारा हा माणूस, माईक तोंडाशी आला की थेट हिंदीत शिरायचा, आणि तेही अशा थाटात की पिक्चर कितीही भिकार असो, पहिल्या रविवारी थेटर भरलंच पाहिजे. आवाज म्हणाल तर देवाची देणगी. नाही, चुकलं, देव त्याला मंजूर नव्हता. दीक्षेपासून घरात बुद्धाची तसबीर होती आणि तेवढीच होती. आईबापाची देणगी म्हणू.

माईकशिवायही त्याचा आवाज काही लहान नव्हता. घरात तो बायकोशी कुजबुजला तरी समोरच्या सिंधूताईला भाजी काय झाली ते कळायचं. बायको जिजाबाई वैतागून म्हणायची, "अवो, हळू बोला न, मी इथंच तर आहो." तो हळू बोलायचा प्रयत्न करायचा आणि मग पुढचं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. जिजाबाई गेली तेव्हा मुलगा मनोहर कॉलेजात होता. पुढे त्याला भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली, तो तिकडे गेला, तिकडेच लग्न करून राहिला. इकडे घरोघर टीव्ही आले, व्हिडिओ आला, लोक घरी बसून पिक्चर पाहू लागले. भोंग्याची रिक्षा थांबली. रुपराव घरी बसला.

सत्त्याऐंशीच्या थंडीत त्याची कंबर धरली. रिक्षात बसून बसून धरली, असं त्याला वाटलं, गल्लीलाही वाटलं. तेल चोळलं, शेक घेतला, कोणी पट्टा आणून दिला. मग एक दिवस उठताच येईना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथं कळलं की लघवीच्या जागेजवळच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे, आणि तो कमरेच्या हाडात, मणक्यात पसरून बसलेला आहे. आता काही कापण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणाले. गोळ्या देऊन घरी पाठवलं.

आणि मग पाचपावलीनं रुपरावचा खरा आवाज ऐकला.

तसला माणूस ओरडतो तेव्हा काय होतं, ते सांगून समजायचं नाही. दुपारी चौकातले पानठेलेवाले रेडिओ बंद करायचे. लहान पोरं आईच्या पदरात घुसायची. गोळ्या गिळाव्या आणि ओकाव्या, असं चाललेलं. पण एक सांगतो, आपल्या वस्तीला नावं ठेवायला जागा पुष्कळ आहे, तरी दुखण्याला धावून जाण्यात पाचपावलीचा हात कोणी धरू नये. सिंधूताई दोन्ही वेळा झुणका-भाकर घेऊन यायची. नानाजी, रुपरावचा जुना पत्त्यांतला भिडू, सकाळी येऊन बसला की जेवायलाच उठायचा. दाराशी बायांची रांग. मनोहर सुट्टी टाकून आला आणि खाटेपासून हलला नाही. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. रुपरावला मात्र त्यातलं पुढे काहीच आठवेना. छताचा टिनपत्रा आठवायचा, त्यातला एक वाकडा खिळा आठवायचा, बास. कोण आलं, कोण बसलं, कोणी तोंडात पाणी घातलं, एक चेहरा म्हणून आठवत नव्हता.

शेवटी मनोहरनं बापाला परत त्याच मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं भूल देणारे एक डॉक्टर होते. कृष्णकांत परचुरे, मूळचे पुण्याचे, विदेशात काही वर्षं काढून आलेले. त्यांनी रुपरावला ओरडताना ऐकलं आणि मनोहरला म्हणाले, "यांच्यासाठी एक गोष्ट करून पाहू." त्यांनी विदेशातून येताना बरोबर एक डबी आणली होती. सुपारीएवढी, धातूची, वरून रबराचा पडदा लावलेली. ती बरगडीखाली कातडीच्या आत शिवून बसवायची, तिच्यापासून एक बारीक नळी आतल्या आत पाठीकडे न्यायची आणि मणक्यात, जिथून नसा जातात तिथं सोडायची. मग सकाळ-संध्याकाळ सुईनं त्या डबीत मॉर्फीन भरायचं. पोटात जायचं नाही, रक्तात हिंडायचं नाही, थेट दुखण्याच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं. थोडंसंच लागतं, पण पुरतं.

डबी बसवल्यानंतर दुसऱ्या सकाळी रुपराव डोळे उघडून पडून राहिला. किती वेळ त्याला कळेचना की काय कमी आहे. मग कळलं, दुखत नाही. त्यानं भीतभीत कूस बदलली. तरी नाही. तो रडला, सरळ रडला, आणि डॉक्टर आले तेव्हा त्यांचा हात धरून बसला.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. मनोहर तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता. ते म्हणाले, "मेश्राम, तुमच्यापासून काही लपवत नाही. दुखण्याची खबर मणक्यातून डोक्याकडे जाते. ती आपण मधेच अडवली आहे. आजार आहे तिथंच आहे."

रुपरावनं जरा विचार केला. "म्हणजे भोंगा चालूच आहे. तुम्ही वायर तेवढी काढून ठेवली."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

"मग किती दिवस?"

"पावसाळ्याच्या पुढचं धरू नका."

रुपराव बरं म्हणाला. त्याला आश्चर्य असं वाटलं की फारसं काही वाटलंच नाही. न दुखण्याचा आनंद एवढा मोठा होता की त्याच्यापुढे मरण कुठंतरी मागच्या बाकावर बसलेलं.

तेवढ्यात मनोहर वर आला. बाप उशीला टेकून बसलेला पाहून पोराचे पायच थबकले. तो डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, बाबाले आराम पडन ना?"

"पडेल म्हणजे? पडलाच आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "पूर्ण आराम. त्याचसाठी तर डबी बसवली."

आता इथं काय झालं ते नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुण्याचा माणूस दुपारी जेवून पडतो त्याला आराम म्हणतो. गोळीनं डोकं थांबलं, आराम वाटला, म्हणतो. आपल्याकडे पोराचा ताप उतरून ते खेळायला गेलं की आराम पडला. विषमज्वरातून माणूस उठला की आराम पडला. आराम पडला म्हणजे बिमारी गेली, खाट उचलून ठेवा. डॉक्टर खोटं बोलले नव्हते आणि मनोहरनं चुकीचं ऐकलं नव्हतं. दोघंही आपापल्या आईच्या भाषेत बरोबर होते, आणि मधे खाटेवर एक माणूस होता, ज्याला दोन्ही आराम समजत होते.

रुपरावनं तोंड उघडलं होतं. पण मनोहर डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला, उठला तेव्हा त्याचा चेहरा मॅट्रिकचा निकाल लागला होता तेव्हासारखा दिसत होता. आता काहून याच्या तोंडचा घास काढायचा, रुपरावनं मनाशी म्हटलं. उद्या सांगू. उद्या मनोहरची सुट्टी संपत होती. त्यानं दवाखान्यात पेढे वाटले, गल्लीत पेढे वाटले, बापाला घरी आणून खाटेवर बसवलं आणि हावडा लाईनच्या गाडीनं भिलाईला निघून गेला. जाताना म्हणाला, "दसऱ्याले येतो बाबा, सारेच येतो, दीक्षाभूमीवर सोबत जाऊ." रुपराव म्हणाला, "ये."

डबीत औषध भरायचं काम यमुताईकडे आलं. यमुताई म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यातली नर्स, दोन गल्ल्या सोडून राहायची. डॉक्टरांनी तिला बोलावून नीट शिकवलं, हात आधी कसे धुवायचे, त्या डबीची वाकडी सुई कशी धरायची, किती हळू सोडायचं. सकाळी ड्युटीवर जाताना आणि संध्याकाळी येताना ती यायची, काम करायची, कपाळाला हात लावून पाहायची आणि जायची.

पहिले काही दिवस रुपराव राजासारखा जगला. स्वतः दाढी केली. दारात खुर्ची टाकून बसला. भूक लागली तर जेवला, नाहीतर नाही. मधूनच मांडीवर चापटी मारून पाहायचा, दुखते का, आणि हसायचा.

मग त्याच्या ध्यानात आलं की कोणी येत नाही.

समोरच्या दारातून सिंधूताई विचारायची, "आराम आहे न भाऊ?" तो म्हणायचा, "आराम आहे." झालं, ती आत. तिचंही खरं होतं, घरात सुना, नातवंडं, इतके दिवस दुसऱ्याची चूल सांभाळली, आता आराम पडला तर स्वतःची नको का पाहायला? नानाजी एकदा आला, तोही रागवायला. "आता बाहेर निघत जा गा. बिमारी गेली, आणि तू बसून काय राहिला म्हाताऱ्यासारखा? चौकात ये, पत्ते मांडले आहे." चौक होता शंभर पावलांवर, आणि रुपरावला मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. तो म्हणाला, "येतो न." किराणावाल्या भैय्याजीनं तर कमालच केली. म्हणाला, "रुपरावभाऊ, आता बरे झाले तं आपल्या दुकानाची एक जाहिरात करून द्या तुमच्या आवाजात, रिक्षा मी करतो." घ्या! माणूस आतून पोखरत चाललेला, पायजमा सुतळीनं बांधलेला, गालांची हाडं वर आलेली, आणि वस्तीला दिसत काय होतं, तर आवाज. आवाज तसाच होता. वस्ती डोळ्यांनी नाही, कानांनी पाहत होती.

उन्हाळा चढला. दुपारी गल्ली दारं लावून घ्यायची आणि रुपराव खाटेवर पडून कूलरच्या टाकीतल्या पाण्याचा आवाज ऐकायचा. डोकं स्वच्छ होतं. दुखत नव्हतं. आणि अशा स्वच्छ डोक्यानं त्याला एक गोष्ट दिसायला लागली, जी आधी कधी दिसली नव्हती. तो आयुष्यभर साऱ्या शहराशी बोलला, पण पोराशी कधी बोललाच नाही. सकाळी मनोहर शाळेत जायचा तेव्हा हा झोपलेला, रात्री हा यायचा तेव्हा घसा बसलेला. घरी आल्यावर बोलायचा त्याला कंटाळा यायचा. जिजाबाई दोघांच्या मधे निरोप्यासारखी होती. ती गेली आणि दोघांचं बोलणं "जेवला का" वर येऊन थांबलं. त्याला काही गुपित सांगायचं नव्हतं. त्याला फक्त पोरापाशी बसायचं होतं. त्याला विचारायचं होतं, तू दिवसभर तिथं काय करतो रे? ते लोखंड कसं दिसते? तुले करमते का? आणि त्यासाठी ही न दुखणारी दुपार मिळाली होती, आणि ती कूलरचं पाणी ऐकण्यात चालली होती. दसऱ्यापर्यंत तो राहणार नव्हता. हे त्याला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, यमुताईला माहीत होतं. ज्याला माहीत व्हायला पाहिजे त्यालाच माहीत नव्हतं.

यमुताईशी तो उगाच बोलणं लांबवायचा. चहा घ्या, बसा. ती घड्याळ पाहायची. "बोलून राहिले म्हणजे चांगले आहा," म्हणून पिशवी उचलायची. तिलाही घर होतं.

एक दिवस तो उठला. भिंती धरत, थांबत थांबत, भैय्याजीच्या दुकानात गेला. तिथं फोन होता. ट्रंक कॉल लावला, मनोहरच्या खात्यातल्या ऑफिसात. लागेपर्यंत स्टुलावर बसून तो मनातल्या मनात घोकत होता. मनोहर, डॉक्टर असं म्हणाले. मनोहर, मी आता जास्त दिवसांचा नाही. मग भैय्याजीनं रिसीव्हर हातात दिला, आणि काय सांगू, रिसीव्हर तोंडाशी आला मात्र, चाळीस वर्षांची सवय! छाती आपोआप फुगली, गळा मोकळा झाला आणि दुकानातल्या बरण्या हलल्या, "हॅलो! मनोहर!"

"बाबा!" पोरगा तिकडून ओरडला. "काय आवाज आहे बाबा तुमचा! पहिल्यापेक्षा चांगला झाला! आराम आहे न?"

रुपरावच्या तोंडून निघालं, "आराम आहे."

घरी येऊन तो स्वतःच्या गळ्याला शिव्या देत बसला. मेल्या, एकदा तरी बसायचं होतं तुले.

पुढच्याच सकाळी यमुताई आली तेव्हा तो म्हणाला, "आज राहू द्या."

"काहून?"

"मळमळून राहिलं. एक वेळ नाही घेतलं तर काय होते?"

यमुताईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मळमळ या औषधानं व्हायचीच, डॉक्टरांनीही तसं सांगितलेलं. ती म्हणाली, "दुखायले लागलं की लगेच मले दवाखान्यात सांगावा पाठवा. वाट नका पाहू भाऊ." तो मान हलवून बसला. त्यानं मनात सरळ हिशेब मांडला होता. न दुखता बोलावलं तर कोणी येत नाही. ओरडलो तर येतील. मनोहरलाही बोलावतील. ओरडून माणसं गोळा करणं, आयुष्यभर दुसरं केलं काय?

दुपारी दुखणं परत आलं. आधी कमरेत, ओळखीच्या पाहुण्यासारखं. मग ते घरभर झालं. रुपराव ओरडला, आणि गल्लीची दारं धडाधड उघडली. सगळे आले हो! सिंधूताई पिठाच्या हातानं आली. नानाजी पत्ते टाकून आला. बाया आल्या, दारात उभ्या राहिल्या, कोणी पंखा घेतला, कोणी पाय धरले, कोणी म्हणालं, उलटली वाटते बिमारी. भैय्याजी दुकान तसंच टाकून फोनकडे धावला आणि अर्जंट कॉल लावून मनोहरला म्हणाला, तुझा बाप ओरडून राहिला, ये.

ज्यांची ज्यांची त्यानं इतके दिवस वाट पाहिली, ती सगळी माणसं त्या खोलीत होती. आणि रुपरावला कोणी दिसत नव्हतं. कोणाचा तरी हात आला, तो त्यानं झिडकारला. नानाजीचं तोंड हललं, पण शब्द आला नाही. डोळ्यांपुढे टिनपत्रा होता आणि तो वाकडा खिळा. जो तो आला होता आणि तो एकटाच होता.

कोणीतरी यमुताईला घेऊन आलं. तिनं सगळ्यांना मागे सारलं, हात धुतले, सुई भरली आणि बरगडीखालची ती डबी बोटानं चाचपून हळूहळू औषध सोडलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग ओरडणं कण्हण्यावर आलं, कण्हणं श्वासावर आलं. रुपरावनं डोळे उघडले. त्याला नानाजी दिसला. सिंधूताई दिसली. त्याला इतका आनंद झाला की बोलायला जीभ सरसावली.

"पडला आराम," सिंधूताई म्हणाली आणि उठली. "चला वं बायांनो, झोपू द्या त्याईले. माह्या पोळ्या तशाच पडल्या आहे."

"घाबरवलं बुवा," नानाजी म्हणाला आणि चपला शोधू लागला.

एकेक करून सगळे गेले. खोली रिकामी झाली तेव्हा यमुताई सुई पुसत होती. ती वर न पाहता म्हणाली, "मुद्दाम केलं न भाऊ तुम्ही?"

रुपराव म्हणाला, "कोणी येत नाही यमुताई."

"मी येतो न."

"तुम्ही सुईसाठी येता."

पिशवी खाली ठेवून ती खाटेच्या कडेला टेकली आणि पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात दारातून भैय्याजीचं डोकं आत आलं, घामानं डबडबलेलं आणि आनंदानं फुललेलं.

"काही चिंता करू नका रुपरावभाऊ! मनोहरले दुसरा फोन करून सांगितलं, आराम पडला, येऊ नको म्हणून. बिचारा निघालाच होता स्टेशनवर. उगाच कायले सुट्टी वाया घालवतं, म्हटलं."

रुपरावनं पाय खाली सोडले. "यमुताई, हात द्या."

"कुठं चालले?"

"दुकानात."

संध्याकाळची वेळ, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. सिंधूताईही तेलाची बाटली घेऊन उभी. आपलं काय चुकलं ते न कळून भैय्याजीचा चेहरा एवढासा झालेला, तरी त्यानं निमूटपणे कॉल लावला. लागेपर्यंत रुपराव यमुताईच्या खांद्याला धरून उभाच राहिला. स्टूल दिलं तरी बसला नाही.

"मनोहर," तो म्हणाला. आवाज तसाच निघाला, भरदार, दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत. या वेळी त्यानं तो आवरला नाही. "मनोहर, ऐक. मले आराम नाही पडला."

"पण बाबा, भैय्याजी आत्ताच म्हणाले..."

"भैय्याजीले काय समजते! दुखणं गेलं, बिमारी नाही गेली. आहे तशीच आहे. मी मरून राहिलो, मनोहर."

दुकानात तराजू जिथल्या तिथं थांबला.

"असं काहून बोलता बाबा? तुमचा आवाज तर..."

"आवाजाले नाही झाला रे कॅन्सर. बाकी साऱ्या हाडाले झाला. डॉक्टर खोटं नाही बोलला. त्याचा आराम वेगळा, आपला वेगळा. मले तवाच समजलं होतं. तू पेढे आणाले निघाला, म्या सांगितलं नाही."

तिकडून नुसती तारेची खरखर. मग मनोहरचा नाकातून निघालेला आवाज, "मी दसऱ्याले..."

"दसऱ्याले मी नाही. आता ये. दुखत नाही तोवर ये. दुखून राहिलं होतं तवा तू आला, बसला, समदं केलं. पण मले तू दिसलाच नाही बाप्पा. आता दिसशीन."

रिसीव्हर ठेवून त्यानं वळून पाहिलं. सिंधूताईनं बाटली काउंटरवर ठेवली होती आणि ती तोंडाला पदर लावून उभी होती.

मनोहर दुसऱ्या दिवशी आला. मिळेल ती सुट्टी घेऊन आला आणि राहिला. वस्तीही आली, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर फार टिकली नाही. ओरडणाऱ्याचं डोकं चेपता येतं, पाय दाबता येतात. धडधाकट बोलणारा, हसणारा माणूस, तो मरून राहिला आहे हे सगळ्यांना माहीत, त्याच्यापुढे बसून करायचं काय? लोक यायचे, अवघडून बसायचे, उन्हाबद्दल बोलायचे आणि उठायचे. नानाजीनं पत्ते आणले, एक डाव खेळला, आणि मधेच त्याला रडू फुटलं म्हणून निघून गेला तो पुन्हा आलाच नाही. रुपरावनं त्याला दोष दिला नाही. मी असतो तर दिला असता.

राहिले दोघं. सुरुवातीला त्यांनाही जमेना. मनोहर दर घटकेला विचारायचा, "दुखते का?" हा म्हणायचा, "नाही." मग दोघं गप्प. शेवटी एकदा रुपराव चिडलाच. "दुखत नाही म्हटलं न! दुसरं काही विचार की!" मनोहर बावरला, मग हसला, आणि मग हळूहळू त्याची जीभ सुटली. बापानं विचारलं, ते लोखंड कसं दिसते? आणि पोरगा सांगू लागला.

तशाच एका दुपारी, बाहेर पाण्याचे ढग येऊन दाटलेले पण पाणी पडत नव्हतं, मनोहर खाटेजवळ जमिनीवर बसून भट्टीचं सांगत होता. भट्टी फोडतात, म्हणजे वितळलेलं लोखंड बाहेर सोडतात, तेव्हा आधी आवाज येत नाही, आधी उजेड येतो. नव्या माणसाला वाटतं आपण आंधळे झालो. त्याच्या पहिल्या दिवशी तो कसा खांबामागे लपला आणि मुकादमानं कसं कॉलर धरून पुढे उभं केलं. रुपराव डोळे मिटून ऐकत होता. हं म्हणत होता. मनोहरला वाटलं, बाबाला आवडून राहिलं, म्हणून त्यानं आणखी लांबवलं. कोणत्या बोलीची माणसं तिथं आहेत, डब्यात कोण काय आणतं, रात्रपाळीत उडिया पोरं कशी गातात, सगळं सांगितलं. मग म्हणाला, "बाबा, चला न एकदा तिकडे. जीप करू, झोपवून नेतो. तुम्हाले दाखवतो भट्टी." आणि बाप विचार करतो आहे असं समजून तो उत्तराची वाट पाहत बसला. उत्तर आलं नाही, तेव्हा झोप लागली म्हणून चादर वर ओढली आणि आवाज खाली आणून पुढचं सांगत राहिला.

यमुताई नेहमीच्या वेळेला आली. मनोहरनं ओठावर बोट ठेवलं. "हळू, ताई. आत्ताच झोपले."

तिनं पिशवी ठेवली, हात धुतले, सुई काढली. चादर बाजूला करून डबी चाचपायला तिनं बोटं लावली आणि ती तशीच थांबली. मग तिनं मनगट धरून पाहिलं, गळ्याला हात लावून पाहिला. सुईला टोपण घालून ती परत पिशवीत ठेवली.

"केव्हाचे झोपले?" तिनं विचारलं.

मनोहर तिच्याकडे पाहत राहिला. "मालूम नाही, ताई," तो म्हणाला. "मी बोलूनच राहिलो होतो."